भीमेच्या काठी धर्माभ्यासाचे चर्चासत्र: विषय ठरवण्यापासून ग्रंथ छापण्यापर्यंत

जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात धर्म या विषयावर दोन दिवसांचे चर्चासत्र घ्यायचे ठरले की संयोजन समितीच्या पहिल्याच बैठकीत उद्घाटक कोण, जेवणाचे काम कोणाकडे आणि व्यासपीठामागचा फलक केवढा या तीन गोष्टी हातासरशी ठरतात. प्रत्यक्ष चर्चेला किती मिनिटे मिळणार, हे मात्र कार्यक्रमपत्रिका छापून आल्यावर कोणाच्या तरी लक्षात येते आणि तोवर उशीर झालेला असतो. अशा चर्चासत्रांत कधी निबंधवाचक, कधी सत्राध्यक्ष आणि बहुतेक वेळा समन्वयक म्हणून वावरताना माझी खात्री झाली आहे की प्रश्नोत्तरांचा वेळ शाबूत राहिला तरच चर्चासत्र झाले असे म्हणावे, आणि तो वेळ राखण्याचे काम आठ महिने आधी, विषय ठरवतानाच सुरू होते. पुढील मार्गदर्शन त्याच क्रमाने लिहिले आहे. उदाहरणासाठी सोलापूर-पंढरपूरचा परिसर, म्हणजे भीमेचे खोरे घेतले आहे; गोदावरीकाठच्या किंवा कोकणातल्या वाचकाने आपापली नदी मनाशी धरावी.

आधी जातकुळी ठरवावी

धर्मसभा, कीर्तनमहोत्सव, संतसाहित्य संमेलन आणि चर्चासत्र या चार वेगळ्या गोष्टी आहेत. कीर्तनात बुवा आणि श्रोते यांची श्रद्धा एकच असते आणि तीच कीर्तनाची ताकद असते. चर्चासत्रात मात्र निबंधवाचकाने एक विधान पुराव्यासह मांडायचे असते आणि समोरच्याने तितक्याच पुराव्याने ते खोडून काढले तर त्याचा राग मानायचा नसतो. या दोन रीती एकाच मांडवात मिसळल्या की दोन्हींचे नुकसान होते. निबंधाच्या जागी निरूपण सुरू होते, किंवा एखादा उत्साही संशोधक श्रद्धाळू श्रोत्यांना विनाकारण दुखावून बसतो. आपण यांपैकी काय भरवत आहोत, हे समितीने एका वाक्यात लिहून काढावे आणि ते वाक्य माहितीपत्रकाच्या अगदी वरती छापावे.

महाराष्ट्रात या प्रकारच्या अभ्यासाला जुनी परंपरा आहे. अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचे पहिले अधिवेशन १९१९ साली पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या पुढाकाराने झाले. अमळनेरला श्रीमंत प्रताप शेठ यांच्या आश्रयाने १९१६ पासून तत्त्वज्ञानाचे केंद्र चालले, आणि वाईच्या प्राज्ञपाठशाळेने धर्मकोशाचे प्रचंड काम हाती घेतले. आज मात्र आपल्याकडे हा अभ्यास मराठी, इतिहास, तत्त्वज्ञान, संस्कृत, पाली, समाजशास्त्र अशा विभागांत विखुरलेला आहे. पुण्यात नगर रस्त्यावरच्या ज्ञानदीप विद्यापीठासारख्या ख्रिस्ती संस्थांत, मुंबईच्या के. आर. कामा प्राच्यविद्या संस्थेत, मठांत आणि मदरशांत तो आपापल्या कुंपणात चालतो. ही माणसे वर्षानुवर्षे एकमेकांना भेटत नाहीत, आणि प्रादेशिक चर्चासत्राचा खरा उपयोग त्यांना एका टेबलाभोवती बसवण्यात आहे.

येथेच शब्दांचा घोळ मिटवावा. संस्कृतच्या प्राध्यापकाला ‘धर्मशास्त्र’ म्हटले की मनू, याज्ञवल्क्य आणि भारतरत्न पां. वा. काणे यांनी लिहिलेला पाच खंडांचा इतिहास आठवतो. तोच शब्द ख्रिस्ती धर्मगुरूच्या तोंडी आला की त्याचा अर्थ ईश्वराविषयीचा पद्धतशीर विचार असा होतो, आणि सामान्य वाचक त्यातून सोवळे-ओवळे एवढेच समजतो. एका सत्रात या एका शब्दापायी पाऊण तास वाद झाला आणि शेवटी लक्षात आले की दोन्ही वक्ते वेगवेगळ्या गोष्टींविषयी बोलत होते. म्हणून माहितीपत्रकात ‘धर्माभ्यास’, ‘धर्मशास्त्र’ आणि ‘ईश्वरविद्या’ हे शब्द आपण कोणत्या अर्थाने वापरतो, ते प्रत्येकी दोन ओळींत सांगावे.

विषय: नदी धरावी

‘संतसाहित्याची आजच्या काळातील प्रासंगिकता’ हा विषय कधीही घेऊ नये. त्यात काही चूक आहे म्हणून नव्हे; कोणाचाही कोणताही जुना निबंध त्यात बसतो, म्हणून. शंभर निबंध येतात, त्यांतले ऐंशी प्रासंगिकता आहे असे सांगतात आणि विचारायला प्रश्नच उरत नाही. ‘भारतीय धर्म: परंपरा आणि आधुनिकता’ हेही त्याच पंक्तीतले. विषय असा असावा की ज्याने त्या भागात पाय ठेवला आहे, कागदपत्रे पाहिली आहेत किंवा माणसांशी बोलणे केले आहे, त्यालाच त्यावर लिहिता यावे.

एक सोपा उपाय म्हणजे विषयाला भूगोलाने बांधणे. भीमेचे खोरे घेऊन पाहा. नदी भीमाशंकरच्या ज्योतिर्लिंगापाशी उगम पावते. आळंदी आणि देहू तिला मिळणाऱ्या इंद्रायणीवर, तर जेजुरी नीरेला मिळणाऱ्या कऱ्हेच्या परिसरात आहे. पंढरपुरात ती चंद्रकोरीसारखी वळते आणि चंद्रभागा होते. जवळच मंगळवेढा आहे, जिथे दामाजी आणि कान्होपात्रा यांच्या आठवणी आहेत, जिथे गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळून चोखोबा गेले, आणि जिथे कर्नाटकातल्या कल्याणला (आताच्या बसवकल्याणला) जाण्यापूर्वी बसवेश्वर राहिले असे परंपरा सांगते. पूर्वेला सोलापुरात सिद्धरामेश्वर, अक्कलकोटला स्वामी समर्थ, पुढे कर्नाटकात भीमा-अमरजा संगमावर नृसिंह सरस्वतींचे गाणगापूर, आणि त्याच टापूत १४२२ साली कलबुर्गीला देह ठेवलेले सूफी संत ख्वाजा बंदे नवाज. खाली सन्नती-कनगनहळ्ळी येथे बौद्ध स्तूपाचे अवशेष आणि अशोकाचे नाव कोरलेला शिल्पपट सापडला. भीमेला मिळणाऱ्या कागिणा नदीकाठचे मळखेड हे राष्ट्रकूटांच्या काळातले जैन विद्येचे मोठे केंद्र होते. वरच्या अंगाला, सीनेच्या काठच्या अहमदनगरात, आताच्या अहिल्यानगरात, रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगांत गायिली, आणि श्रीगोंद्याला शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ लिहिला. शैव, वैष्णव, लिंगायत, दत्तसंप्रदायी, सूफी, बौद्ध, जैन, ख्रिस्ती असे सगळे एका नदीच्या पाण्यावर आले. यासाठी ‘सर्वधर्मसमभाव’ असा विषय वेगळा घ्यावा लागत नाही. गोव्यातल्या संयोजकांना जुवारीच्या काठच्या राशोलपासून आणि १६१६ साली छापल्या गेलेल्या फादर स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’पासून अशीच सुरुवात करता येईल.

मुख्य विषयाखाली उपविषय सहापेक्षा जास्त नसावेत आणि ते प्रश्नांच्या रूपात लिहावेत. ‘वारकरी संप्रदाय आणि समाज’ असे न लिहिता ‘मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी तनपुरे महाराजांच्या मठात केलेल्या उपोषणाकडे त्या वेळच्या फडांनी आणि मठांनी कसे पाहिले?’ असे लिहावे (फड म्हणजे वारकऱ्यांचे परंपरागत गट). ‘देवस्थान व्यवस्थापन’ऐवजी ‘१९७३चा पंढरपूर मंदिरे अधिनियम आणि २०१४चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांमुळे पूजेच्या रोजच्या व्यवहारात काय बदलले?’ असे विचारावे. प्रश्न वाचताच ज्याच्याजवळ काही सामग्री आहे तो सरसावतो आणि ज्याच्याजवळ नाही तो आपोआप मागे राहतो. छाननीचे निम्मे काम येथेच होते.

तारीख: चार पंचांगे समोर ठेवून

तारीख ठरवण्याला संयोजक दहा मिनिटे देतात. मी एक अख्खी संध्याकाळ द्यावी असे म्हणेन. टेबलावर मराठी पंचांग, हिजरी दिनदर्शिका, चर्चची दिनदर्शिका आणि विद्यापीठाचे परीक्षांचे वेळापत्रक अशी चारही हवीत. चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी या चार वाऱ्यांच्या आसपास पंढरपुरात राहायला खोली मिळत नाही आणि ज्यांना बोलवायचे ते कीर्तनकार फडावर असतात. चातुर्मासात जैन साधू-साध्वी एकाच ठिकाणी मुक्काम करतात. मकरसंक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते. दत्तजयंतीला गाणगापूर, १ जानेवारीला कोरेगाव भीमाचा विजयस्तंभ, ६ डिसेंबरला चैत्यभूमी आणि हिजरी जिल्काद महिन्याच्या मध्याला बंदे नवाजांचा उरूस असतो. त्या त्या दिवशी त्या त्या परंपरेचे अभ्यासक तुमच्याकडे येणार नाहीत. रमजान दर वर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतो, आणि २०२६ ते २०२८ या वर्षांत तो जानेवारीअखेर ते मार्च या दरम्यान पडतो. म्हणजे महाविद्यालयांच्या आवडीचा फेब्रुवारी महिना या काळात मुस्लिम अभ्यासकांसाठी गैरसोयीचा ठरतो. हे सगळे चाळून झाल्यावर या भागासाठी साधारणपणे ४ ते १२ जानेवारी ही खिडकी उरते. त्या काळात थंडीही बेताची असते.

वारही पाहावा. शुक्रवारी दुपारी एक ते सव्वादोन या वेळेत मोकळीक ठेवावी, म्हणजे जुम्म्याची नमाज आणि सर्वांचे जेवण एकाच वेळी उरकते. रविवारी सकाळी फादर किंवा पास्टर मिळत नाहीत. तिथी पाहायला तर विसरूच नये, कारण एकदा आम्ही विसरलो. एका महाविद्यालयात दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा बेत होता. पाहुण्या कीर्तनकारांनी ताट पाहिले, हात जोडले आणि ‘माउली, आज एकादशी’ एवढेच म्हणाले. स्वयंपाक्याने धावपळ करून भगर आणि दाण्याची आमटी केली, पण ती पानात पडेपर्यंत त्यांच्या सत्राची घंटा झाली होती. ते उपाशीच बोलायला उभे राहिले आणि आमच्यापैकी कोणाचेही लक्ष त्यांच्या बोलण्यात नव्हते.

पैसा आणि परवानग्या

हा भाग थोडक्यात सांगतो. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, भारतीय तत्त्वज्ञान अनुसंधान परिषद आणि भारतीय इतिहास अनुसंधान परिषद या तिन्ही संस्थांकडे चर्चासत्रांसाठी अर्ज करता येतो, पण तो कित्येक महिने आधी करावा लागतो आणि मंजूर रकमेचा काही भाग उपयोगिता प्रमाणपत्र दिल्यावरच हाती येतो. त्यामुळे मंजुरीपत्र आले म्हणून खर्च सुरू करू नये. मधल्या काळातला पैसा कोण देणार हे प्राचार्यांकडून लेखी घ्यावे. प्राचार्य, अंतर्गत गुणवत्ता कक्ष आणि संस्थेचे सचिव यांच्या सह्या एकाच टिपणावर घ्याव्यात. देवस्थान, मठ किंवा स्थानिक पुढाऱ्याची देणगी घेण्यास हरकत नाही, पण देणगीबरोबर व्यासपीठावरची वीस मिनिटेही द्यावी लागणार असतील, तर ती वीस मिनिटे कोणत्या निबंधवाचकाच्या वाट्यातून जाणार, हे नाव घेऊन ठरवावे. नाव घेतल्यावर बहुतेक देणग्या नकोशा वाटतात.

निवेदन आणि गोषवारा

निबंध मागवण्याचे निवेदन पाच महिने आधी निघावे. गोषवारा ३०० शब्दांचा मागवावा आणि त्यात चार गोष्टी असल्याच पाहिजेत असे स्पष्ट लिहावे: प्रश्न, सामग्री, पद्धत आणि हाती आलेला निष्कर्ष, मग तो कच्चा का असेना. नुसते नियम सांगून भागत नाही. निवेदनासोबत एक नमुना जोडावा.

आमच्याकडे नेहमी येणारा गोषवारा असा असतो: ‘महाराष्ट्र ही संतांची भूमी आहे. संतांनी समाजाला समतेचा संदेश दिला. प्रस्तुत निबंधात चोखामेळा यांच्या कार्याचा आढावा घेतला आहे.’ यात खोटे काही नाही, पण निबंध वाचून कोणी काय विचारावे? तोच अभ्यासक थोडे टोकल्यावर असे लिहितो: ‘पंढरपुरात नामदेव पायरीजवळ असलेली चोखोबांची समाधी आणि मंगळवेढ्यातली त्यांची स्मृतिस्थळे या दोन्ही ठिकाणी येणाऱ्या भाविकांपैकी ४० जणांशी बोलून, दोन्ही ठिकाणी चोखोबांच्या मृत्यूची कथा कशी वेगवेगळी सांगितली जाते हे मी नोंदवले आहे.’ आता प्रश्न सुचतात. हे ४० जण कसे निवडले? कथा वेगळी सांगणारे एकाच जातीचे होते का? मुलाखती वारीच्या काळात घेतल्या की एरवी? गोषवारा वाचून परीक्षकाला निदान दोन प्रश्न सुचले नाहीत, तर तो परत पाठवावा.

परीक्षण दोघांकडून, लेखकाचे नाव झाकून करून घ्यावे आणि त्या दोघांपैकी एक जण दुसऱ्या विद्याशाखेचा असावा. नकारपत्रात दोन ओळींचे कारण द्यावे. नव्या अभ्यासकाला तेवढ्याने पुष्कळ शिकायला मिळते.

निबंध हाती आल्यावर

पूर्ण निबंध चर्चासत्राच्या सहा आठवडे आधी घ्यावा, कारण तो सत्राध्यक्षांना आणि त्याच सत्रातल्या इतर वाचकांना आधी वाचायला मिळाला पाहिजे. येथे पहिला अडसर फाँटचा येतो. अजूनही निम्मे निबंध श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टंकलेले असतात. ते युनिकोडमध्ये बदलताना रफार इकडचा तिकडे जातो, ‘धर्म’चे काहीतरी भलतेच होते आणि संस्कृत श्लोकांची तर दैना उडते. ‘फक्त युनिकोड’ ही अट निवेदनातच ठळक टाकावी आणि तरीही दोन विद्यार्थी मुद्रितशोधनाला बसवावेत.

दुसरा अडसर उताऱ्यांचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि संदर्भ देऊन घेतलेली अवतरणे साम्य मोजताना वगळायची असतात. तरीही तपासणीचे सॉफ्टवेअर अभंग आणि ओव्यांना चोरी ठरवते, कारण तेच अभंग शेकडो ठिकाणी छापलेले असतात. अहवाल आंधळेपणाने न मानता माणसाने वाचावा.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती म्हणजे आवृत्ती. तुकोबांच्या गाथ्यातला एकच अभंग इंदुप्रकाश छापखान्याच्या १८६९च्या आवृत्तीत, १९५०च्या शासकीय गाथ्यात आणि निरनिराळ्या फडांच्या गाथ्यांत वेगवेगळ्या क्रमांकाने येतो, आणि पाठही पुष्कळदा वेगळा असतो. ज्ञानेश्वरीचेही तसेच, राजवाड्यांच्या १९०९च्या प्रतीत आणि पारायणाच्या पोथीत फरक आहेत. वारकरी श्रोता निबंधवाचकाला अडवतो तो बहुधा येथेच, ‘आमच्या गाथ्यात हे असे नाही’ असे म्हणून, आणि त्याचे खरे असते. म्हणून क्रमांकापूर्वी आवृत्तीचे नाव आणि वर्ष लिहिण्याची सक्ती करावी. हस्तलिखित वापरले असेल तर ते कोणाच्या संग्रहातले आहे, ते छापायची त्यांची परवानगी आहे का, आणि त्यांना आपले नाव छापलेले चालेल का, हे तिन्ही विचारावे.

परंपरेतल्या माणसांना बोलावताना

धर्माभ्यासाच्या चर्चासत्रात धर्म जगणारी माणसे नसतील, तर आपण एखाद्याच्या घराविषयी त्याच्या पाठीमागे बोलत बसलो आहोत असे वाटते. पण त्यांना ‘शुभाशीर्वाद’ देण्यापुरते उद्घाटनाला बसवून चहानंतर मोटारीत घालणे हा अपमान आहे. त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवशी सकाळचे एक पूर्ण सत्र ठेवावे आणि ते मुलाखतीच्या स्वरूपात असावे, म्हणजे भाषण प्रवचनाकडे वळत नाही. मुलाखत घेणाऱ्याने त्यांच्याकडे आधी एकदा स्वतः जाऊन यावे. फोनवर किंवा संदेशावर आमंत्रण देऊ नये. पत्र हाताने नेऊन द्यावे, आणि त्यावरचे संबोधन बरोबर असावे. कीर्तनकारांना ‘ह.भ.प.’, भिक्खूंना ‘भदंत’, वीरशैव मठाधिपतींना ‘शिवाचार्य महास्वामीजी’, कॅथलिक धर्मगुरूंना ‘फादर’, प्रोटेस्टंटांना ‘रेव्हरंड’, मशिदीच्या इमामांना ‘मौलाना’ किंवा तिथले लोक म्हणत असतील तसे. शंका असेल तर त्यांच्या शिष्याला विचारावे; अंदाजाने लिहू नये.

काही बारकावे आधी माहीत असले की दिवस सुरळीत जातो. भिक्खू मध्यान्हानंतर भोजन करत नाहीत, म्हणून त्यांचे पान साडेअकराला वाढावे. जैन मुनी वाहनात बसत नाहीत, त्यांच्यातले काही ध्वनिक्षेपकही वापरत नाहीत. त्यांना बोलावण्यापेक्षा त्यांच्याकडे जाऊन मुलाखत लिहून आणणे आणि ती सभेत वाचणे बरे. जैन अभ्यासक सूर्यास्तापूर्वी जेवतात. कांदा-लसणाविना एक वेगळी पंगत असली की बहुतेकांची सोय होते. ‘सगळे एकच जेवण जेवू, त्यातच एकात्मता आहे’ असा आग्रह धरणारा एक तरी प्राध्यापक समितीत असतो. त्याला भोजन समितीवर घेऊ नये.

वेळेचे गणित

आता मूळ मुद्द्याकडे येतो. एका दीड तासाच्या सत्रात चार निबंध ठेवले आणि प्रत्येकाला १५ मिनिटे दिली, तर ६० मिनिटे वाचनाची, ५ सत्राध्यक्षांची आणि २५ चर्चेची होतात. पाचवा निबंध घुसवला की चर्चेला १० मिनिटे उरतात. सत्र १५ मिनिटे उशिरा सुरू झाले, आणि ते होतेच, तर चर्चा उणे पाचात जाते. चर्चासत्रात चर्चा का होत नाही याचे कारण एवढेच आहे. दोन दिवसांत सहा सत्रे धरली तर समोरासमोर वाचायचे निबंध २४; त्यांपलीकडे स्वीकारलेले निबंध भित्तिपत्रकांच्या रूपात मांडावेत किंवा ग्रंथासाठी राखावेत. समांतर सत्रे मला पटत नाहीत. लिंगायत मठावरचा निबंध एका खोलीत आणि वारकरी फडावरचा शेजारच्या खोलीत वाचला जात असेल, तर दोघांना एका गावात बोलावले तरी कशाला?

सत्रे धर्मवार लावू नयेत. ‘बौद्ध सत्र’, ‘ख्रिस्ती सत्र’ असे केले की त्या त्या समाजाचे लोक तेवढ्यापुरते येतात आणि उठून जातात. त्याऐवजी ‘समाधी आणि दर्गा’, ‘यात्रेचे अर्थकारण’, ‘भाषांतरित भक्ती’ अशी गाठ बांधावी. ‘भाषांतरित भक्ती’ या सत्रात टिळकांचे अभंग, शेख महंमदांच्या ओव्या आणि लिंगायत संतांच्या कन्नड वचनांची मराठी भाषांतरे शेजारी-शेजारी आली, तर प्रश्न विचारायला कोणाला आग्रह करावा लागत नाही. या भागात कन्नड आणि दखनी बोलणारे वक्ते येणार. त्यांच्याजवळ दुभाषी म्हणून एखादी स्थानिक विद्यार्थिनी बसवावी आणि त्या निबंधाला पाच मिनिटे जास्त द्यावीत.

प्रत्यक्ष दिवस

उद्घाटन ४० मिनिटांत संपवायचे असे ठरवून ते खरोखर संपवता येते. व्यासपीठावर चारच खुर्च्या ठेवाव्यात. खुर्ची नसली की भाषणही नसते. शाल-श्रीफळाऐवजी एक पुस्तक द्यावे आणि ते सर्वांना एकदम द्यावे. दीपप्रज्वलन करावे की नाही, यावर समितीत मतभेद होतात; काही पाहुण्यांना ते करायचे नसते. मी हा प्रश्न पाहुण्यांना आधीच विचारतो, आणि कोणाचीही अडचण असेल तर दिवा कार्यक्रमापूर्वीच लावून ठेवतो. सूत्रसंचालकाला चारोळ्या म्हणायला बंदी करावी. बीजभाषण मात्र पूर्ण ४५ मिनिटांचे असू द्यावे आणि त्यानंतरही १५ मिनिटे प्रश्नांना ठेवावीत, कारण पहिला प्रश्न मोठ्या माणसाला विचारला गेला की पुढे दोन दिवस लहानांनाही धीर येतो.

सत्राध्यक्षांच्या हाती घंटा द्यावी आणि त्यांना आदल्या रात्री भेटून ती खरोखर वाजवायची आहे, हे सांगावे. आमच्याकडे एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाई सत्राध्यक्ष होत्या. त्यांनी १२व्या मिनिटाला घंटा एकदा, १५व्या मिनिटाला दोनदा वाजवली आणि विभागप्रमुख अजून बोलतच आहेत हे पाहून शांतपणे पुढच्या वाचकाचे नाव पुकारले. सभागृहात हशा झाला, विभागप्रमुखही हसले, आणि त्या सत्रात सत्तावीस मिनिटे चर्चा झाली. प्रश्न चिठ्ठीवर लिहून घेण्याची पद्धत फक्त मोठ्या सभेत वापरावी. चिठ्ठीतला प्रश्न बेवारस असतो, त्याला उलटप्रश्न करता येत नाही.

वाद झाला तर

धर्मावर बोलताना कोणी दुखावले जाणारच नाही अशी व्यवस्था करता येत नाही. एका ग्रंथाच्या वादातून जानेवारी २००४ मध्ये भांडारकर संस्थेवर हल्ला झाला आणि दुर्मीळ ग्रंथ-हस्तलिखितांचे नुकसान झाले, हे या क्षेत्रातला कोणी विसरलेला नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम २९९ धार्मिक भावना जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने दुखावण्याबद्दल आहे. प्रामाणिक संशोधनाला त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही, पण निबंधातले प्रत्येक धारदार विधान पुराव्याला चिकटलेले असावे. परीक्षकांनी ‘अंधश्रद्धा’, ‘भाकडकथा’, ‘धर्मांध’ असे शब्द दिसले की समासात एकच टीप लिहावी: वर्णन करा, शेरा मारू नका. निवडक वाक्यांची ध्वनिचित्रफीत बाहेर पसरण्याची शक्यता असते, म्हणून पूर्ण सत्राचे अधिकृत ध्वनिमुद्रण स्वतः करून ठेवावे. श्रोत्यांत कोणी आवाज चढवला तर सत्राध्यक्षांनी त्याला बसायला सांगण्याऐवजी पुढे बोलावून, माईक देऊन, तीन मिनिटे बोलू द्यावे. संतापलेल्या माणसाला वेळ मोजून दिला की तो बहुधा मुद्द्याचे बोलतो.

क्षेत्रभेट

तिसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची क्षेत्रभेट ठेवता आली तर ठेवावी. पंढरपूरहून मंगळवेढा साधारण २५ किलोमीटरवर आहे, म्हणजे सकाळी निघून दुपारी परत येता येते. बसमध्ये चाळिसांपेक्षा जास्त माणसे नकोत. मंदिराच्या, मठाच्या आणि दर्ग्याच्या व्यवस्थापनाला आठवडाभर आधी पत्र द्यावे, छायाचित्रांची परवानगी मागावी, डोक्यावर घ्यायला रुमाल बरोबर न्यावेत आणि ‘दर्शन घ्यायचे नसेल त्यांनी बाहेर थांबले तरी चालेल’ असे बसमध्येच सांगावे. मार्गदर्शक म्हणून प्राध्यापक नेमू नये; गावातला माणूस सांगतो ती कथा ऐकावी आणि तिची शहानिशा परतीच्या प्रवासात करावी.

ग्रंथ

चर्चासत्राच्या दिवशीच निबंधसंग्रहाचे प्रकाशन करण्याची हौस टाळावी. तो ग्रंथ चर्चेपूर्वी छापलेला असतो, म्हणजे चर्चेतून काहीच शिकायचे नाही असे आधीच जाहीर केल्यासारखे होते. निबंधवाचकांना दोन महिने द्यावेत, त्यांना विचारलेले प्रश्न लिखित स्वरूपात पाठवावेत आणि सुधारित निबंधात त्यांची उत्तरे यावीत अशी अट घालावी. २४ निबंधांतले १२ चांगले निघाले तर १२च छापावेत. त्यांतले एक-दोन ‘परामर्श’ किंवा ‘नवभारत’सारख्या नियतकालिकांकडे पाठवण्याजोगे असतील तर लेखकाला तसे सुचवावे, ग्रंथासाठी अडवून धरू नये. शेवटी प्रत्येक सत्राच्या चर्चेचा चार पानांचा वृत्तान्त जोडावा. तो लिहिणाऱ्या दोन विद्यार्थ्यांची नेमणूक पहिल्या बैठकीतच करावी, कारण मागाहून आठवणीवर लिहिलेला वृत्तान्त नुसता आभारप्रदर्शनाचा होतो.

छापलेल्या प्रती आल्या की पहिल्या पाच प्रती बाजूला काढाव्यात. ज्या कीर्तनकारांनी आपली वही उघडून दाखवली, ज्या मुजावरांनी उरुसाचा हिशेब वाचू दिला, ज्या आजींनी जात्यावरच्या ओव्या सांगितल्या, त्यांच्या घरी त्या स्वतः नेऊन द्याव्यात. वाचता येत नसेल तर त्यांच्याविषयीचे पान तिथेच बसून मोठ्याने वाचून दाखवावे, आणि ‘असं नव्हतं ते’ असे त्या म्हणाल्या तर वही-पेन बरोबर असावे.